एका वर्षात संपूर्ण शास्त्र : मॅक्शेन यांच्या वाचन-तक्त्याचे परीक्षण

योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात, अटक होण्याच्या आदल्या काही तासांत, येशू शिष्यांना वेल आणि फाटे यांचा दाखला देतो आणि सांगतो की फाटा वेलात राहिल्याशिवाय त्याला आपण होऊन फळ देता येत नाही. ख्रिस्ती जीवनातील फलद्रूपतेविषयी एवढे थेट बोलणे अन्यत्र क्वचितच आढळते. परंतु ‘माझ्यामध्ये राहा’ ही आज्ञा सोमवारच्या सकाळी नेमकी कशी पाळायची, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील विश्वासणाऱ्यांना पडत आला आहे. त्याच अध्यायातील सातवे वचन उत्तराची एक दिशा दाखवते : त्याची वचने आपल्यात राहिली पाहिजेत. ती राहावीत म्हणून नियमित शास्त्रवाचनाची, म्हणजे बायबल-वाचनाची, जी साधने निघाली, त्यांपैकी सर्वांत दीर्घायुषी ठरलेल्या साधनांमध्ये रॉबर्ट मरे मॅक्शेन यांच्या वार्षिक वाचन-तक्त्याची गणना होते. हा तक्ता मी काही वर्षे वापरत आलो आहे आणि येथे त्याचे परीक्षण एकाच कसोटीवर करणार आहे : तो वाचकाला वेलात राहण्यास खरोखर साहाय्य करतो की केवळ वाचून झाल्याचे समाधान देतो?

मॅक्शेन हे स्कॉटलंडमधील डंडी येथील सेंट पीटर्स मंडळीचे (चर्चचे) पाळक होते. 1842 च्या डिसेंबरअखेरीस, नव्या वर्षाच्या तोंडावर, त्यांनी आपल्या मंडळीसाठी हा तक्ता तयार करून दिला. त्याची रचना साधी आहे. प्रत्येक दिवसासमोर चार वाचने दिलेली असतात. त्यांतील दोन कुटुंबाने एकत्र बसून वाचावयाची आणि दोन प्रत्येकाने एकांतात वाचावयाची. वर्षाअखेर जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होतात. छापील स्वरूपात तो एका घडीपत्रकावर मावतो, मोबाइलवरील अनेक बायबल ॲपमध्ये तो तयार स्वरूपात मिळतो आणि त्यासाठी काही मोजावे लागत नाही.

वार्षिक वाचनाच्या बहुतेक योजना उत्पत्तीपासून निघतात आणि सरळ रेषेत चालू लागतात. त्यामुळे उत्साहाने सुरुवात केलेला वाचक लेवीयमधील अर्पणांच्या नियमांपाशी एकटा पडतो आणि बहुधा तेथेच थांबतो. मॅक्शेन यांनी एका प्रारंभाऐवजी चार प्रारंभ घेतले. 1 जानेवारीला उत्पत्ती 1, मत्तय 1, एज्रा 1 आणि प्रेषितांची कृत्ये 1 हे अध्याय येतात : सृष्टीचा आरंभ, ख्रिस्ताच्या जन्माची कथा, बंदिवासातून परतलेल्या लोकांचा नवा आरंभ आणि मंडळीचा आरंभ. चारही प्रवाह मग आपापल्या क्रमाने पुढे जातात आणि 31 डिसेंबरला 2 इतिहास 36, प्रकटीकरण 22, मलाखी 4 व योहान 21 येथे पोहोचतात. लेवीयचे वाचन जेव्हा येते तेव्हा त्याच्या शेजारी स्तोत्रे असतात, नीतिसूत्रे असतात आणि पौलाची पत्रे असतात. वाचक कंटाळत नाही असा माझा दावा नाही. तो एकटा पडत नाही, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

या रचनेचा खरा लाभ काही आठवड्यांनंतर ध्यानात येतो, आणि तो मला या तक्त्याचे सर्वांत मोठे बलस्थान वाटतो. शास्त्राचे दूरदूरचे भाग एकाच दिवशी समोरासमोर येतात आणि एकमेकांवर प्रकाश टाकतात. वेल आणि फाट्यांचा अध्याय, म्हणजे योहान 15, या तक्त्यात प्रथम 25 मार्चला येतो. त्याच दिवशी नीतिसूत्रे 12 वाचावयाचे असते, ज्यात नीतिमानाचे मूळ ढळत नाही आणि ते फळ देते असे म्हटले आहे. तिसरे वाचन इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचे. तेथे पौल प्रकाशाचे फळ चांगुलपण, नीतिमत्त्व व सत्यता यांत दिसते असे सांगतो आणि लगेच अंधकाराच्या निष्फळ कर्मांचे भागीदार होऊ नका असे बजावतो. चौथे वाचन निर्गम 36 हे वरवर पाहता विषयाबाहेरचे वाटते, कारण त्यात निवासमंडपाच्या फळ्यांची आणि पडद्यांची मोजमापे आहेत. परंतु त्याच्या आरंभी लोक स्वखुशीने इतकी अर्पणे आणतात की कारागीर मोशेकडे येऊन ‘आता पुरे’ असे सांगतात आणि मोशेला छावणीत तशी दवंडी पिटवावी लागते. काही काळापूर्वी सोन्याच्या वासरापुढे नाचलेले हेच लोक आहेत. क्षमा मिळालेल्या माणसांच्या हातून काय घडू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण योहान 15 च्या शेजारी ठेवण्यास कोणाला सुचले असते असे वाटत नाही. मॅक्शेन यांनी हे मुद्दाम जुळवून आणले असावे असेही दिसत नाही; पुस्तके ओळीने वाचत गेल्याचा तो परिणाम आहे. (तक्ता लागू झाला त्याच वर्षी, 25 मार्च 1843 रोजी, साथीच्या तापाने मॅक्शेन यांचे निधन झाले. त्या वेळी ते 29 वर्षांचे होते. त्यांच्या मंडळीतील घराघरांत त्या दिवसासाठी नेमलेला अध्याय योहान 15 हाच होता.)

असे दिवस आणखीही येतात. 1 एप्रिलला पहिले स्तोत्र येते, ज्यातील ओढ्याकाठचे झाड आपल्या हंगामी फळ देते, आणि सोबत कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय येतो, जो ख्रिस्तामध्ये मुळावलेले असण्याविषयी बोलतो. जानेवारीच्या अखेरीस एस्तेरचे पुस्तक, ज्यात देवाचे नाव एकदाही उच्चारलेले नाही, रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायांबरोबर वाचले जाते, ज्यांच्या जवळजवळ प्रत्येक ओळीत देवाचा उल्लेख आहे. नियमित वाचकाला हळूहळू या शेजाराची सवय होते आणि तो एका वचनावर विचार करताना दुसऱ्याची साक्ष आपोआप काढू लागतो. वचने अंतःकरणात राहणे याचा एक अर्थ मला हाच वाटतो.

आता दोषांकडे वळतो, कारण जो गुण आहे त्याच्याच पोटात मुख्य दोष आहे. बायबलमध्ये एकूण 1189 अध्याय आहेत; नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा धरल्यास ही संख्या 1599 होते, तर वर्षभरात चार वाचनांच्या हिशेबाने जागा मिळतात 1460. म्हणजे अनेक दिवशी चाराहून अधिक अध्याय वाचावे लागतात. 1 जुलैचे उदाहरण घ्यावे. त्या दिवशी यहोशवा 3, स्तोत्रे 126 ते 128, यशया 63 आणि मत्तय 11 असे सहा अध्याय आहेत. यार्देन नदी ओलांडणे, अश्रू ढाळत पेरणाऱ्यांचे गीत, द्राक्षकुंड तुडवणाऱ्याचे भयंकर दर्शन, आणि शेवटी ‘कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या’ हे पाचारण. यांपैकी कोणत्याही एकावर आठवडाभर मनन करता येईल. तक्त्याप्रमाणे चालणारा वाचक मात्र विसाव्याच्या त्या पाचारणापाशी पोहोचतो तेव्हा त्याचे डोळे घड्याळाकडे लागलेले असण्याचा संभव अधिक. रोज साधारण अर्धा ते पाऊण तास केवळ वाचनास लागतो आणि त्यात थांबण्यास, परत मागे जाण्यास किंवा प्रार्थनेत वळण्यास जागा धरलेली नाही. वेलात राहणे ही मुळातच संथ गोष्ट आहे. हा तक्ता मात्र घाईचा आहे.

याचे श्रेय द्यावे लागेल की हा धोका तक्त्याच्या कर्त्याने स्वतःच ओळखला होता. तक्त्यासोबतच्या निवेदनात मॅक्शेन यांनी लाभ सांगण्यापूर्वी धोके सांगितले : वाचन निव्वळ उपचार होऊन बसणे, नेमून दिलेला भाग पुरा केला म्हणून स्वतःला नीतिमान समजू लागणे, निष्काळजीपणे वाचणे, आणि काहींना हे जू फार जड होणे. आपल्या साधनाच्या मर्यादा पहिल्याच पानावर लिहिणारे लोक आजही थोडेच आढळतात. माझ्या अनुभवात या चार धोक्यांपैकी दुसरा सर्वांत फसवा आहे. निष्काळजी वाचन स्वतःला कळते, जड झालेले जूही कळते. परंतु ‘मी वर्षात संपूर्ण शास्त्र वाचतो’ हा अभिमान भक्तीच्या वेषात येतो आणि त्याला ओळखण्यास बहुधा दुसऱ्या कोणाची तरी गरज लागते. परूशी, म्हणजे येशूच्या काळातील नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहूदी पंथ, शास्त्र कमी वाचत होते असे शुभवर्तमान कोठेही म्हणत नाही.

मोबाइलवर हा तक्ता वापरला की हाच धोका वाढतो. ॲपमधील योजनांमध्ये प्रत्येक वाचनापुढे खूण करण्याची सोय असते, सलग किती दिवस वाचन झाले याची संख्या दाखवली जाते आणि एखादा दिवस चुकला की ती संख्या शून्यावर येते. वाचनाची आठवण करून देणारी सूचना, एका स्पर्शाने उघडणारा अध्याय आणि प्रवासात ऐकता येणारे ध्वनिमुद्रण या सोयी उपयुक्त आहेत, आणि ज्यांच्या दृष्टीला बारीक अक्षर झेपत नाही त्यांच्यासाठी तर मोठ्या अक्षराची सोय हे वरदानच आहे. परंतु सलग दिवसांची संख्या वाचकाला हळूच वेगळ्या गोष्टीशी जोडते. संख्या तुटू नये म्हणून रात्री झोपेच्या भरात चार अध्यायांवरून बोट फिरवले जाते आणि खूण होते. ज्या ॲपमध्ये ही संख्या बंद ठेवता येते तेथे ती बंद ठेवावी. जेथे येत नाही तेथे छापील तक्ता आणि कागदी बायबल हाच मार्ग मला अधिक बरा वाटतो. छापील तक्त्याला चुकलेल्या दिवसाचे दुःख होत नाही.

या साधनाचा जो भाग आज जवळजवळ विसरला गेला आहे तो म्हणजे त्याचे सामूहिक स्वरूप. मॅक्शेन यांनी हा तक्ता एकट्या साधकासाठी बनवला नव्हता. संपूर्ण मंडळी एकाच दिवशी एकच अध्याय वाचते, त्यामुळे पाळकाला आपला कळप कोणत्या कुरणात चरत आहे हे ठाऊक असते, आईवडिलांना मुलांशी बोलण्यास रोज एक विषय मिळतो आणि रस्त्यात भेटलेले दोन विश्वासणारे एकाच वचनाविषयी बोलू शकतात, असे लाभ त्यांनी मोजले होते. आजचा वाचक बहुधा चारही वाचने एकट्यानेच, कानात यंत्र घालून, उरकतो. येथे तक्त्यापेक्षा आपली पद्धत सदोष आहे, हे मान्य करावे लागेल. योहान 15 मध्ये फाटे अनेक आहेत आणि त्यांना दिलेली आज्ञा एकमेकांवर प्रीती करण्याची आहे. नवव्या वचनापासून सतराव्या वचनापर्यंत येशू पुन्हा पुन्हा त्याच आज्ञेकडे येतो. एकमेकांपासून तुटून वेलाशी जोडलेले राहता येते, अशी कल्पना त्या अध्यायात बसत नाही. म्हणून कुटुंबासाठीची दोन वाचने कुटुंबातच करावीत असा माझा आग्रह आहे. आणि कुटुंब सोबत नसेल किंवा विश्वासात एकटेच असाल, तर मंडळीतील एखाद्या व्यक्तीबरोबर, दूरध्वनीवर का होईना, ती वाचावीत. लहान मुले घरात असतील तर पूर्ण अध्यायाचा हट्ट सोडावा. निर्गमातील पडद्यांची मापे ऐकताना मूल झोपी गेले तर त्यात मुलाचा अविश्वास नाही.

तक्त्यात नसलेल्या गोष्टींचीही नोंद घेतली पाहिजे. प्रार्थनेसाठी त्यात वेगळी जागा नाही. मॅक्शेन स्वतः प्रार्थनेत दीर्घकाळ घालवणारे पाळक म्हणून ओळखले जात, त्यामुळे वाचक प्रार्थना करणारच हे त्यांनी गृहीत धरले असावे. आजच्या वाचकाबाबत तसे गृहीत धरता येत नाही. वाचलेल्या वचनाचे आज्ञापालन झाले की नाही, हे तर कोणत्याच तक्त्याला तपासता येणार नाही. पौलाने गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचे फळ म्हणून सांगितलेले नऊ गुण, प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत, हे सर्व माणसामाणसांतील व्यवहारात दिसणारे आहेत आणि ते बहुधा आपल्याआधी आपल्या सोबतच्यांना दिसतात. द्राक्षवेलाला मांडव लागतो, पण मांडवाला द्राक्षे लागत नाहीत. हा तक्ता उत्तम मांडव आहे, आणि त्याच्याकडून त्याहून अधिक अपेक्षा केल्यास निराशा होईल. छाटणीविषयीही तेच म्हणता येईल. जो फाटा फळ देतो त्याला अधिक फळ यावे म्हणून पिता साफ करतो, असे योहान 15 मधील दुसऱ्या क्रमांकाचे वचन सांगते. आजारपण, अपयश, एखाद्या सेवेचे दार बंद होणे, अशा काळात चार अध्याय वाचण्याचे बळ नसते आणि एकाच स्तोत्रावर दिवस काढावा लागतो. तसा दिवस तक्त्याच्या हिशेबात वाया गेलेला दिसतो, पण वेलाच्या हिशेबात तो तसा असतोच असे नाही.

मंडळीच्या सणांचे वर्षही तक्त्यात नाही. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत त्या काळी नाताळ सण म्हणून पाळत नसत. तेथे 25 डिसेंबरला सार्वजनिक सुटी मिळाली तीच मुळी 1958 मध्ये. त्यामुळे नाताळच्या दिवशी वाचकासमोर जन्मकथा येत नाही. येतात ते 2 इतिहास 30, क्रोधाच्या सात वाट्यांचे वर्णन करणारा प्रकटीकरण 16, जखऱ्या 12 आणि, दुसऱ्यांदा, योहान 15. सणाच्या सकाळी कुटुंबाला क्रोधाच्या वाट्या वाचून दाखवणे कोणालाही अवघड जाईल, आणि ज्यांच्या मंडळीत आगमनकाळ (नाताळपूर्वीचे आठवडे) व उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचे आठवडे) पाळले जातात त्यांनी त्या आठवड्यांत तक्ता बाजूला ठेवून आपल्या उपासनेतील नेमलेले पाठ घ्यावेत, असे माझे मत आहे. तरी त्या दिवशी योहान 15 एकांतातील वाचनात येते ही गोष्ट मला आवडते. वर्षभराच्या धावपळीच्या शेवटी, भेटी आणि पाहुणे यांच्या गर्दीत, ‘माझ्यावेगळे असता तुम्हांला काही करता येत नाही’ हे वाक्य वेगळ्याच ठिकाणी लागते.

मागे पडलेल्यांसाठी त्याच दिवसाच्या 2 इतिहास 30 मध्ये दिलासा आहे. हिज्कीया राजाच्या काळात वल्हांडण सण ठरलेल्या महिन्यात पाळता आला नाही, कारण पुरेसे याजक शुद्ध झाले नव्हते आणि लोक यरुशलेमेत जमले नव्हते. तो दुसऱ्या महिन्यात पाळला गेला. अनेकांनी तर विधिपूर्वक शुद्ध न होताच भोजन केले, आणि राजाच्या प्रार्थनेवरून परमेश्वराने त्यांना क्षमा केली. वाचनात मागे पडलेल्याने साठलेले सर्व अध्याय एका बैठकीत उरकण्याचा प्रयत्न करू नये. आजच्या तारखेपाशी यावे आणि राहिलेले राहू द्यावे. नवा करार व स्तोत्रे वर्षात दोनदा येतात, त्यामुळे त्यांतील बरेचसे पुन्हा भेटते. लीप वर्षातील 29 फेब्रुवारीला तर तक्त्यात काहीच नेमलेले नाही, तो दिवस अशा कामासाठी हक्काचा.

एकूण शिफारस अशी. ज्याने शास्त्र पूर्वी कधीच वाचलेले नाही त्याने या तक्त्यापासून सुरुवात करू नये. त्याने मार्काचे शुभवर्तमान सावकाश वाचावे, मग योहान, मग काही स्तोत्रे, आणि कोणीतरी जाणता सोबत असावा. ज्याला शास्त्राची तोंडओळख आहे पण संदेष्टे आणि इतिहासाची पुस्तके कधी उघडलेलीच नाहीत, त्याच्यासाठी याहून चांगली योजना मला ठाऊक नाही. मात्र त्याने ती दोन वर्षांत विभागावी : पहिल्या वर्षी कुटुंबासाठीचे दोन स्तंभ, दुसऱ्या वर्षी एकांताचे दोन. असे केल्याने रोज सामान्यतः दोनच अध्याय येतात, दोहोंपैकी एक पुन्हा वाचण्यास वेळ उरतो आणि त्यातील एखादे वचन दिवसभर सोबत नेता येते. शेजारी-शेजारी येणाऱ्या वाचनांचा काही मेळ यात सुटतो हे खरे. 25 मार्चला योहान 15 आणि इफिसकरांस 5 एकत्र येणार नाहीत. ज्यांना तो मेळ हवा असेल आणि रोज पाऊण तास शांतपणे देता येत असेल, त्यांनी पूर्ण तक्ता घ्यावा, परंतु आठवड्यातील एक दिवस वाचनाशिवाय ठेवावा आणि त्या दिवशी मागील सहा दिवसांतील एकच अध्याय घेऊन बसावे. तसे करताना वर्ष तेरा-चौदा महिन्यांचे झाले तरी बिघडत नाही. सुरुवातीसाठी 1 जानेवारीची वाट पाहण्याचेही कारण नाही. तक्त्यात आजची तारीख शोधावी आणि तेथूनच आरंभ करावा.